बल्बचा रोध किती?

२३० व्होल्टवर चालणारा, १०० वॅटचा टंगस्टनच्या तारेचा बल्ब घेऊ. शक्ती म्हणजे विभवांतर गुणिले विद्युतधारा. म्हणून धारा येते १०० ÷ २३०, म्हणजे सुमारे ०.४३ अँपिअर. विभवांतराला या धारेने भागले की रोध मिळतो : जवळजवळ ५३० ओहम.

आता हाच बल्ब होल्डरमधून काढून, पूर्ण थंड झाल्यावर मल्टिमीटरने त्याचा रोध मोजू. उत्तर येते सुमारे ४० ओहम! मग सूत्र चुकले का?

सूत्र बरोबरच आहे. पेटलेल्या बल्बमधील तारेचे तापमान सुमारे २५०० अंश सेल्सिअस असते. तापमान वाढले की धातूतील अणूंची कंपने वाढतात, इलेक्ट्रॉनांना अधिक अडथळा होतो आणि रोध तेरा पटींच्या आसपास जातो. साहजिकच बटण दाबताच, तार थंड असल्याने, क्षणभर ६ अँपिअरच्या जवळपास धारा वाहू शकते. असे बल्ब बहुधा लावतानाच का उडतात, ते यावरून कळते.

वर्गात ही उदाहरणे सोडवताना आपण एवढे जरूर सांगू या : भागाकाराने मिळणारा रोध हा त्या वेळच्या तापमानाचा असतो. ओहमच्या नियमात ‘तापमान स्थिर असताना’ ही अट घातलेली आहे, ती यासाठीच.