समेच्या किंचित आधी

रिफ्लेक्स कॅमेऱ्याचे बटण दाबले की आतला आरसा वर उचलला जातो आणि तेवढ्यापुरती समोरची चौकट काळोखी होते. म्हणजे जो क्षण फिल्मवर उतरतो, नेमका तोच फोटोग्राफरला दिसत नाही. दिसला, तर तो हुकला असे समजायचे. मैफलीत फोटो काढणाऱ्या माणसाला हे फार लवकर कळते.

मला ते रमणबागेच्या मैदानावर कळले. कॉलेजात असताना उसना कॅमेरा घेऊन मी सवाई गंधर्व महोत्सवाला गेलो होतो. 36 फोटोंचा एकच रोल होता, पण पुढच्या भारतीय बैठकीत जागा चांगली मिळाली होती. रोल धुऊन आला तेव्हा पाहिले, तर जवळजवळ प्रत्येक चौकटीत गायकाचा हात खाली आलेला, तबलजीची मान हलून झालेली आणि पहिल्या रांगेतल्या रसिकांची दाद देऊन संपलेली. प्रत्येक फोटो समेनंतरचा होता. मी सम ऐकून बटण दाबत होतो. ती येणार हे आधी ओळखायला हवे होते, आणि त्यासाठी डोळ्यांआधी कान तयार हवेत.

गाणाऱ्याचेही हेच असते. विलंबित एकतालाचे आवर्तन 12 मात्रांचे; लय फार संथ ठेवली तर ते मिनिटभर चालते. त्या मिनिटात आलाप कुठवर न्यायचा, मुखडा कुठून उचलायचा, याचा हिशेब गवई बोटांवर करत नाही. तो अंगात मुरलेला असतो. मुरण्याच्या या क्रियेला आपल्याकडे रियाज म्हणतात, आणि लोक जिला प्रेरणा म्हणतात ती मला या रियाजापासून वेगळी काढता येत नाही.

भीमसेन जोशींची गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतल्या ठुमरीची ध्वनिमुद्रिका ऐकून हा मुलगा वेडावला आणि 1933 साली, अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडून निघाला. गोष्टीचा हा भाग सांगायला सगळ्यांना आवडतो. पुढचा भाग मात्र मला जास्त मोलाचा वाटतो. ग्वाल्हेर, जालंधर अशी वणवण करून तो शेवटी घराजवळच्याच कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे आला. तिथे गुरुगृही पाणी भरले आणि मुख्यतः तीन रागांवर घोटून घोटून तालीम घेतली : तोडी, मुलतानी आणि पुरिया. ध्वनिमुद्रिका तीन-चार मिनिटांत संपली होती. तिने लावलेली ओढ या तीन रागांनी वर्षानुवर्षे तेवत ठेवली. पुढे आपण जो दमदार, लांबच लांब जाणारा भीमसेनी स्वर ऐकला, त्याच्या मुळाशी ही तालीम आहे.

कुमार गंधर्वांची वाट अगदी निराळी. दहा-बारा वर्षांचे असतानाच ते मोठमोठ्या गवयांच्या हुबेहूब नकला करून सभा जिंकत. मग मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे रीतसर शिक्षण झाले, नाव झाले, आणि क्षयाने गाठले. 1948 साली ते कोरड्या हवेसाठी माळव्यातल्या देवासला राहायला गेले. डॉक्टरांनी गाणे बंद केले होते. पत्नी भानुमतीबाई शाळेत शिकवून घर चालवत आणि त्यांची शुश्रूषा करत. चार-पाच वर्षे हा माणूस अंथरुणावर पडून ऐकत राहिला : रस्त्याने जाणाऱ्या बायकांची गाणी, लग्नातली, ऋतूंची, फकिरांची. माळव्याच्या त्या धुनांमध्ये त्यांना रागांची बीजे दिसली. त्यांतून त्यांनी लगनगंधार, मालवती, सहेली तोडी असे नवे राग बांधले आणि त्यांना ‘धुनउगम’ म्हटले. ‘अनूपरागविलास’ हा त्यांच्या बंदिशींचा ग्रंथ 1965 साली आला.

आजारातून उठल्यावर फुफ्फुसांची ताकद पूर्वीची राहिली नव्हती. लांब दमसासाची तान घेता येईना, म्हणून लहान, धारदार, अचानक लखलखून विझणारे स्वरसमूह आले आणि मधल्या शांततेलाही गाण्यात जागा मिळाली. शरीराने घातलेली अट त्यांनी शैलीत बदलून घेतली. कुमारांवर कितीही लिहिले गेले असले, तरी गाणे बंद असतानाच्या ऐकण्याला मी त्यांची दुसरी तालीम मानतो. तिला गुरू नव्हता, इतकेच.

रियाज फोटोग्राफरलाही शिकता येतो, याचे सर्वांत चांगले उदाहरण दयानिता सिंग यांचे आहे. 1980च्या सुमारास त्या अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकत होत्या. झाकिर हुसेन यांच्या कार्यक्रमात फोटो काढताना आयोजकांपैकी कुणीतरी त्यांना ढकलले आणि त्या पडल्या. अपमान गिळून त्या परत गेल्या नाहीत. आज मी विद्यार्थिनी असले तरी एक दिवस मोठी फोटोग्राफर होईन, अशा अर्थाचे त्यांनी खुद्द झाकिरभाईंनाच सुनावले. त्यातून ओळख झाली, आणि पुढे सहा हिवाळे त्या झाकिरभाई आणि इतर कलावंतांच्या ताफ्याबरोबर गावोगाव हिंडल्या. बस, रेल्वे, ग्रीनरूम, घर, रियाज, सारे टिपत गेल्या. 1986 साली ‘झाकिर हुसेन’ हे त्यांचे पहिले पुस्तक निघाले. झाकिरभाई आपले पहिले गुरू, असे त्या सांगत आल्या आहेत, आणि शिकल्या ते तबला नव्हे. एकाग्रता आणि रोजची मेहनत. 2022 साली त्यांना हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला.

गुरूची स्वतःची सुरुवात तर जन्मापासूनची. माहीमच्या घरात बाळाच्या कानात प्रार्थना म्हणायची, तिथे उस्ताद अल्लारखांनी तबल्याचे बोल म्हटले, ही आठवण झाकिरभाई नेहमी सांगत. पुढे कित्येक वर्षे पहाटे तीनला उठून वडिलांसमोर बसणे. त्या तासांत बोटांइतकीच तोंडाने बोल म्हणण्याची मेहनत असे, कारण जो बोल जिभेवर स्वच्छ नाही तो चामड्यावर उमटत नाही.

तबल्याचा फोटो काढणे अवघड का, तेही इथेच समजते. सभागृहात प्रकाश कमी. फ्लॅश मारणे हा तर कलावंताच्या डोळ्यांवर आणि तंद्रीवर घाला. मग शटर सेकंदाच्या तिसाव्या भागाएवढे उघडे ठेवावे लागते आणि द्रुत लयीतली बोटे धुरासारखी दिसतात. नवखा त्याला दोष मानतो. जाणकार चेहरा स्थिर होण्याची वाट पाहतो आणि बोटांना वाहू देतो. त्या धुरातच लय दिसते. दिल्लीचे अविनाश पसरिचा किंवा पुण्याचे सतीश पाकणीकर यांचे फोटो पाहताना गाणे ऐकू आल्यासारखे वाटते, त्यामागे मैफलीत घालवलेल्या असंख्य रात्री आहेत. आता कॅमेरे आवाज न करता सेकंदाला वीस-वीस चौकटी टिपतात, समोरचा क्षणही काळोखात जात नाही. सोय मोठी आहे. पण वीसमधली कोणती ठेवायची हे सांगायला पुन्हा कानच लागतो.

अशा जुन्या फोटोंत मी अलीकडे मुख्य कलावंताच्या मागे पाहू लागलो आहे. तिथे तानपुरे घेऊन दोन शिष्य बसलेले असतात. आपल्या संगीतातले शिक्षण खरोखर कुठे होते, ते त्या जागेवर दिसते : गुरूच्या पाठीमागे, जवारी लावलेल्या तारा छेडत, तासन्तास. श्रोत्यांना दिसत नाही तो गुरूचा श्वास शिष्याला तिथून दिसतो. कुणाची नजर गुरूच्या मानेवर खिळलेली असते, कुणाचे ओठ नकळत हलत असतात. पुष्कळदा फोकस पुढे असल्याने ते चेहरे धूसर असतात आणि फोटोखालच्या ओळीत त्यांचे नाव नसते. तबला-पेटीच्या साथीदारांचेही अनेकदा तसेच होते.

तुमच्या घरी, आजोबांच्या कपाटात किंवा गावातल्या संगीत मंडळाच्या दप्तरात बैठकीचे जुने फोटो असतील. त्यांतली नावे सांगू शकणारी माणसे आज घरात आहेत. या दिवाळीत त्यांच्याशेजारी बसून फोटो उलटे करा आणि मऊ पेन्सिलीने मागे लिहून ठेवा : गाव, साल, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, आणि मागे तानपुऱ्यावर कोण होते.