कार्डिंग खात्यात शनिवारी सगळे ठणठणीत

गिरणी कामगारांची जाहीर गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. १८ जानेवारी १९८२, डॉ. दत्ता सामंत, अडीच लाख कामगारांचा संप, मग बंद पडलेले भोंगे आणि चिमण्यांच्या जागी उभे राहिलेले टॉवर. या गोष्टीत कुणी खोकत नाही. मी मात्र त्या काळात आणि नंतरही धूळ मोजणाऱ्या, छात्या तपासणाऱ्या पाहणी पथकांबरोबर खात्याखात्यांतून फिरलो, आणि मला आठवतो तो खोकलाच. त्याहून जास्त आठवतात तो खोकला कागदावर येऊ नये म्हणून झालेल्या खटपटी. त्यातल्या काही फार कल्पक होत्या, हे मान्य करायला हवं.

आधी धूळ मोजण्याची गंमत. कापसाची धूळ मोजायचं यंत्र म्हणजे माणसाच्या उंचीचं एक नळकांडं. ते खात्यात काही तास उभं ठेवायचं. आत एक कागदी चकती, तिचं वजन आधी आणि नंतर करायचं. एका गिरणीत आम्ही पोचलो तर जमीन ओली, यंत्रं पुसलेली, कार्डिंगच्या निम्म्या मशिनी ‘दुरुस्तीसाठी’ बंद. जॉबरने, म्हणजे खात्याच्या मुकादमाने, आमचं नळकांडं अगदी आदराने उचलून दारापाशी नेलं. ‘इथं वारा चांगला लागतो, साहेब,’ म्हणाला. वारा यंत्राला लागून काय उपयोग, हे त्याला विचारायचं राहिलं. दोन दिवसांनी प्रयोगशाळेचा आकडा आला तर चकतीचं वजन आधीपेक्षा कमी! चकतीने सकाळी दमट हवेतला ओलावा धरला होता आणि नंतर ती वाळली, एवढाच त्याचा अर्थ. पण कागदावर धूळ शून्याच्याही खाली गेली होती. म्हणजे त्या गिरणीत हवा घाण होत नव्हती, उलट मुंबईची हवा तिथं येऊन स्वच्छ होत होती. आम्ही चाचणी रद्द केली. मॅनेजरने मात्र त्या अहवालाची प्रत मागून घेतली.

ही धूळ येते कुठून? दोष रुईच्या पांढऱ्या तंतूचा फारसा नाही. बोंडाभोवतीची पाती, काडीकचरा आणि त्यांवर वाढणारे जंतू हे खरे आरोपी. गाठ फोडली की ते ब्लोरूममध्ये उडतात, आणि कार्डिंगमध्ये तंतू विंचरताना त्यांचा बारीक भुगा हवेत तरंगत राहतो. खिडक्या उघडाव्यात, तर वाऱ्याने सूत तुटतं आणि हवेतला ओलावा जातो. ओलावा सुताला हवा असतो, म्हणून खिडक्या बंद. गिरणीत सुताच्या तब्येतीची जेवढी काळजी घेतली जायची, तेवढी सुताजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या वाट्याला आली असती, तर मला या पाहण्यांत काम मिळालं नसतं.

या आजाराचं नाव बिसिनोसिस. त्याची खोड अशी, की तो वारावर चालतो. साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर आलं की दुपारनंतर छाती आवळते, दम लागतो. दुसऱ्या दिवशी कमी, शनिवारपर्यंत माणूस बरा. लँकेशायरच्या गिरण्यांत रिचर्ड शिलिंग या डॉक्टरने १९५० च्या दशकात याच सोमवारावरून आजाराच्या पायऱ्या ठरवल्या: फक्त सोमवारी कधीमधी, प्रत्येक सोमवारी, सोमवारी आणि इतरही दिवशी, आणि शेवटची पायरी म्हणजे कायमची. तेव्हा तपासणी कधी करायची हे उघड आहे. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी, पाळी सुरू होताना एकदा आणि संपताना एकदा.

आमच्या वाट्याला बहुतेक वेळा शनिवार यायचा. ‘सोमवारी उत्पादनाची घाई असते, शनिवारी तुम्हाला निवांत वेळ देतो,’ असं एका गिरणीच्या कामगार अधिकाऱ्याने इतक्या प्रेमाने सांगितलं, की आमचे प्रमुख डॉक्टर आभार मानून बसले. शनिवारी सगळे ठणठणीत निघाले. दुसऱ्या एका गावात आम्ही हट्टाने सोमवार मिळवला. तिथं वीजकपातीमुळे साप्ताहिक सुट्टी गुरुवारी होती. म्हणजे आजाराचा ‘सोमवार’ शुक्रवारी येऊन गेला होता, आणि हे आम्हाला चहावाल्याने सांगितलं.

श्वास मोजायच्या यंत्राला कामगार ‘फुंकणी’ म्हणायचे. जोरात फुंकायचं, पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली ते यंत्र सांगतं. एका गिरणीत कार्डिंग खातं आणि विणकामाचं साचा खातं यांची जुनी खुन्नस होती. गणपतीची वर्गणी असो की कबड्डी, एकमेकांना खाली बघायला लावल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. फुंकणी दिसल्यावर तिथंही पैज लागली. कार्डिंगकडून उतरला त्यांचा जॉबर, साताऱ्याकडचा, तालमीत घडलेला, छाती अशी की सदऱ्याची बटणं तक्रार करतील. साचा खात्याने मुद्दाम एक काडीपैलवान विणकर पुढे केला. पोरं शिट्ट्या मारत होती. विणकर जिंकला, आणि बऱ्याच फरकाने.

जॉबर म्हणाला, यंत्र बिघडलंय. ठीक आहे, संध्याकाळी पुन्हा ये म्हटलं. पाळी संपल्यावर तो आला, फुंकला, आणि आकडा सकाळपेक्षाही खाली. यंत्र अगदी नीट होतं. (तो दिवस सुट्टीनंतरचा पहिला होता, पैजेच्या नादात ही एकच तपासणी शास्त्राप्रमाणे पार पडली.) मग सगळे पांगल्यावर तो टेबलापाशी येऊन हळूच म्हणाला, ‘एवढं लिहू नका. खातं बदलतील, पगार उतरेल.’ त्या आकड्याची धास्ती मालकांना होती, हे आम्हाला ठाऊक होतं. कामगारालाही ती तितकीच होती, हे त्या दिवशी कळलं.

बिसिनोसिस एक्स-रेत दिसत नाही. म्हणून कुणी त्याला बिडीचा खोकला म्हणे, कुणी दमा, कुणी टीबी. एका कामगाराने टीबीच्या गोळ्यांचा पूर्ण कोर्स घेतला होता. गोळ्या सुरू असताना तो रजेवर गावी होता, त्यामुळे बरंही वाटलं. कामावर परतला आणि ‘टीबी उलटला’ असं निदान झालं.

हे आपल्याकडेच होतं असं समजू नका. १९६९ साली अमेरिकेतल्या कापड उद्योगाच्या एका मासिकाने, बिसिनोसिस हे पैशाला चटावलेल्या डॉक्टरांनी काढलेलं खूळ आहे, अशा अर्थाचं छापलं होतं. १९७८ मध्ये तिथल्या कामगार सुरक्षा खात्याने, म्हणजे ‘ओशा’ने, सूतकताईच्या खात्यांसाठी हवेतल्या कापूस-धुळीची मर्यादा घनमीटरला ०.२ मिलिग्रॅम ठरवली. उद्योग कोर्टात गेला आणि १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरला. त्याच वर्षी ‘ओशा’चे नवे प्रमुख थॉर्न ऑक्टर यांनी खात्याच्याच धुळीवरच्या पुस्तिका मागे घ्यायला लावल्या. मजकुरात चूक नव्हती. मुखपृष्ठावर बिसिनोसिसने खंगलेल्या एका कामगाराचा फोटो होता, आणि तो एकांगी वाटतो असं साहेबांचं म्हणणं. नियम मात्र टिकला. तो पाळायला गिरण्यांनी नवी यंत्रं घेतली, आणि बुडू म्हणणाऱ्यांचं उत्पादन वाढलं.

आपल्याकडचा उपाय स्वस्त होता: गूळ. गूळ खाल्ला की छातीतली धूळ खाली उतरते, हे प्रत्येक खात्यात ठरलेलं. मी हसायचो. पण १९९४ मध्ये लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्रातल्या संशोधकांनी उंदरांना गूळ खाऊ घातला आणि त्यांच्या फुफ्फुसांतून कोळशाचे कण जास्त हलले असं दाखवलं. उंदीर कापसाच्या धुळीत नव्हते, बारा-बारा वर्षं पाळ्याही करत नव्हते, पण एवढं कोण वाचतो? एका गिरणीने त्या शोधाची बातमी सूचनाफलकावर लावली, धूळ ओढणाऱ्या पंख्यांची दुरुस्ती पुढच्या वर्षावर ढकलली आणि ब्लोरूमच्या दारात गुळाची ढेप मांडली. उघडी. दुपारच्या जेवणापर्यंत तिच्यावर रुईचा बोटभर थर बसला होता, आणि लोक तो थर खरवडून गूळ खात होते.

बराच काळ समज असा होता की हा आजार भारतात जवळपास नाहीच. त्याचं एक कारण आम्ही गेटवरच पाहिलं. पाहणी करायची ती हजेरीपटावर नाव असलेल्यांची. ज्याचा दम पार गेला तो केव्हाच राजीनामा देऊन कोकणात किंवा घाटावर गेलेला, त्याच्या जागी बदलीवाला ताजा. म्हणजे खातं जितकं वाईट, तितकी त्यात उरलेली माणसं तगडी. परळच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. एस. आर. कामत यांच्यासारख्यांनी गिरणगावातल्या छात्या चिकाटीने तपासल्या, म्हणून हा समज हलला. मुंबईच्या एका गिरणीतल्या बिसिनोसिसवर डॉ. व्ही. मुरलीधर, विजय कान्हेरे आणि सहकाऱ्यांचा लेख नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडियात आला तो १९९५ साली. आजार अखेर छापून आला, तेव्हा गिरण्याच संपत आल्या होत्या.

धूळ काही संपली नाही. यवतमाळ-वर्ध्याकडच्या जिनिंगमध्ये ती हंगामी झाली आहे. तिथं कापूस ढकलणाऱ्या बायका नाकाला पदर गुंडाळून उभ्या असतात. एका मालकाला मास्कबद्दल विचारलं, तर त्याने लगेच खोक्यातून नवे कोरे काढून दाखवले. खोकं तोवर सीलबंदच होतं.

कायद्यात बिसिनोसिस कधीचा आहे. भरपाईच्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत कापूस, जवस, हेम्प आणि सिसल यांच्या तंतूंच्या धुळीने होणारे फुफ्फुसांचे आजार लिहिलेले आहेत. अडचण पुढे सुरू होते. एका निवृत्त कार्डिंगवाल्याला अपंगत्वाची टक्केवारी ठरवायला वैद्यकीय मंडळापुढे बोलावलं. मंडळ तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. तिथला एक कारकून मला आधीच खासगीत म्हणाला होता, ‘जो वर चढून येतो त्याला दम नाही असं दिसतं, आणि जो येत नाही तो गैरहजर.’ त्या म्हाताऱ्याच्या दोन मुलांनी यावर तोडगा काढला. खालच्या उपाहारगृहातून प्लास्टिकची खुर्ची मागितली, वडिलांना तिच्यात बसवलं आणि जिन्याने वर आणलं. मंडळाने कागद पाहिले, छाती तपासली आणि शेवटी शेरा मारला, की अर्जदार चालत आलेला नसल्याने चालण्याची चाचणी घेता आली नाही, पुढील तारीख द्यावी.