रोमानियातून ब्रिटनमध्ये : दत्तक कुत्र्याची वाटचाल

रोमानियाचा कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कू याच्या राजवटीत राजधानी बुखारेस्टमधील जुनी घरे पाडून बहुमजली इमारती उभारल्या गेल्या, तेव्हा अंगणासोबत अनेक कुत्र्यांचा आसराही गेला. २०१३ मध्ये भटक्या कुत्र्यांच्या हल्ल्यात एक चार वर्षांचा मुलगा दगावल्यावर, पकडलेल्या कुत्र्यास ठरावीक मुदतीत कोणी नेले नाही तर त्यास मारण्याची मुभा देणारा कायदा तेथे झाला, आणि परदेशी दत्तकघर हा अशा कुत्र्यांच्या सुटकेचा एक मार्ग ठरला.

प्रवासापूर्वी कुत्र्याच्या कातडीखाली मायक्रोचिप, म्हणजे ओळखक्रमांक साठवणारी तांदळाच्या दाण्याएवढी कुपी, बसवली जाते. रेबीजची लस त्यानंतरच टोचावी लागते, कारण त्याशिवाय ती नेमकी कोणाला दिली हे सिद्ध होत नाही, आणि पहिल्या लसीनंतर २१ दिवस थांबावे लागते. फीतकृमीनाशक औषध ब्रिटनमधील प्रवेशापूर्वी २४ ते १२० तासांच्या दरम्यान पशुवैद्यच देतो.

या सोपस्कारांहून गंभीर प्रश्न ‘ब्रुसेला कॅनिस’ या जिवाणूचा आहे. त्याचा संसर्ग माणसालाही होऊ शकतो, तो प्रतिजैविकांनी कुत्र्याच्या शरीरातून खात्रीने नाहीसा होत नाही, आणि बाधित कुत्रा वरकरणी धडधाकट दिसू शकतो. म्हणून त्याची चाचणी मायदेशीच करून घेणे अत्यावश्यक मानले पाहिजे. नव्या घरी पोहोचल्यावरही सावधगिरी हवी : रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्यास जिना, साखळी व बंद दार ही सारीच अनोळखी असल्याने, आरंभीचे काही आठवडे त्यास गळपट्टा आणि छातीपट्टा अशा दुहेरी बंधाशिवाय बाहेर नेऊ नये.