पंगतीतलं मीठ आणि किडनीचा हिशेब

लग्नाच्या पंगतीत लोणचं, पापड, मसालेभात आणि वर मठ्ठ्याचे दोन पेले झाले, की दुसऱ्या दिवशी सकाळी बोटातली अंगठी फिरत नाही. घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "तांब्याभर पाणी पी, मीठ धुऊन जाईल."

नाही जात. जास्त पाण्याने लघवी पातळ होते, तिच्यातून जाणारं मीठ त्या प्रमाणात वाढत नाही. तहान लागली तर जरूर प्यावं. पण ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलंय, त्यांना हा सल्ला चांगलाच बाधू शकतो.

मुळात किडनी म्हणजे नको तेवढं मीठ गाळून फेकणारी चाळणी, हीच समजूत चुकीची आहे. तिचं खरं काम मीठ परत घेण्याचं. दिवसभरात दोन्ही किडन्यांमध्ये मिळून सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळला जातो आणि त्यात जवळजवळ दीड किलो मीठ असतं! वाण्याकडच्या किलोच्या दीड पिशव्या. त्यातलं ९९ टक्क्यांच्या आसपास मीठ बारीक नलिका पुन्हा रक्तात ओढून घेतात. खारट जेवणानंतर किडनीवरच्या अधिवृक्क ग्रंथींतून येणारं अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक कमी होतं, ही ओढ किंचित सैल पडते आणि वरकड मीठ लघवीत उतरतं. दीड किलोतले काही ग्रॅम इतक्या नेमकेपणाने सोडायचे, हे मला आजही थक्क करतं.

मात्र हे तासाभरात होत नाही, दिवस-दोन दिवसही लागतात. तोवर मिठासोबत पाणी अंगात थांबतं: ९ ग्रॅमला साधारण एक लिटर. सलाइनच्या बाटलीवरचं ०.९ टक्के ते हेच. पंगतीनंतर काट्यावर वाढलेल्या वजनात बराचसा वाटा या पाण्याचा असतो, चरबीचा नव्हे.

"मी वरून मीठ घेतच नाही," असं सांगणाऱ्याच्या ताटात पापड असतोच. त्यातल्या पापडखारातही सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मिठाची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभर; तीही लोणचं, फरसाण, पाव सगळं धरून. सैंधव घेतलं तरी हिशेब तोच, कारण तेही बहुतांशी सोडियम क्लोराइडच आहे.

बाजारातल्या 'लो सोडियम' मिठात सोडियमच्या जागी काही प्रमाणात पोटॅशियम घातलेलं असतं. किडनी अशक्त असेल तर ते पोटॅशियम रक्तात साठून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांबरोबरही हा धोका असतो, म्हणून असं मीठ घरात आणण्याआधी डॉक्टरांना विचारावं.