बाजार पाहायलाही वाटाड्या हवा

आमचे चऱ्होली गाव इंद्रायणीच्या काठी, आळंदीच्या अलीकडे. गावचा एक मुलगा चाकणच्या कारखान्यात कामाला आहे. कारखान्याने त्याला तीन महिने जपानला धाडले होते. परत आल्यावर तो देवळाच्या ओट्यावर बसून सगळ्यांना तिकडच्या गोष्टी सांगत होता. बोलता बोलता म्हणाला, "क्योतो नावाच्या शहरात आम्ही पैसे भरून एक वाटाड्या घेतला आणि त्याने आम्हांला तिथला भाजीबाजार दाखविला." झाले! ओट्यावर एकच हशा पिकला. आमचे अण्णा तर म्हणाले, "अरे, भाजीबाजार दाखवायला माणूस कशाला लागतो? डोळे नव्हते का तुला?"

अण्णांचे वय आज पंच्याहत्तरीच्या पुढे आहे. उभा जन्म त्यांनी इंद्रायणीकाठी भाजी पिकविली आणि पुण्याच्या मंडईत नेऊन विकली. त्यामुळे त्यांचे हसणे साहजिकच होते. पण मी मास्तर पडलो. मला त्या मुलाचे म्हणणे पटले, आणि का पटले तेच आज सांगणार आहे.

त्याने पाहिलेल्या बाजाराचे नाव निशिकी. हा बाजार म्हणजे एकच अरुंद बोळ, सुमारे चारशे मीटर लांब, वरून छप्पर घातलेला आणि दोन्ही अंगांना मिळून शंभरावर दुकाने. १६१५ साली तिथे मासळीच्या विक्रीला सरकारी परवाना मिळाला. मासळीचा बाजार नेमका तिथेच का वसला? तर त्या जागी जमिनीखाली थंड पाण्याचे झरे होते. बर्फाचे कारखाने नव्हते तेव्हा विहिरीच्या त्या गार पाण्यावर मासळी टिकायची. वाटाड्याने हे सांगितले नसते, तर आमच्या मुलाला तो चकचकीत बोळच काय तो दिसला असता. बोळाखालचे पाणी दिसले नसते.

याच निशिकीत इतो जाकुचू नावाचा एक चित्रकार होऊन गेला. त्याचा जन्म १७१६ चा, आणि घराणे भाजीच्या ठोक व्यापाऱ्याचे. १७७१ च्या सुमारास दुसऱ्या एका बाजाराने निशिकी बंद पाडण्याचा घाट घातला. तेव्हा हा चित्रकार कुंचला बाजूला ठेवून तीन वर्षे सरकारदरबारी खेटे घालीत राहिला आणि त्याने बाजार वाचविला. पुढे त्याने एक विलक्षण चित्र काढले. बुद्धाच्या महानिर्वाणाचा देखावा, पण बुद्धाच्या जागी आडवा पडलेला एक मुळा आणि त्याच्याभोवती शोक करणाऱ्या भाज्या व फळे! आपल्याला ह्यात चेष्टा दिसेल. पण ज्या मुलखात अरणच्या सावता महाराजांना आपल्या मळ्यातल्या भाजीतच विठ्ठल दिसला, त्या मुलखाच्या माणसाने तरी हसू नये.

हे सगळे मी अण्णांना सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "मास्तर, आपली मंडई दाखवतो मी तुमच्या पोरांना. पैसे नकोत. चहा पाजा."

त्याप्रमाणे गेल्या हिवाळ्यात शाळेतले दोन गुरुजी, आठवीची तीसएक मुले, अण्णा आणि मी असे पुण्याला निघालो. बसमध्येच अण्णांनी ताकीद दिली: पहिली दहा मिनिटे कोणी काही पाहायचे नाही, नुसते ऐकायचे. मुलांना ही गंमत वाटली. मंडईच्या दाराशी सगळे डोळे मिटून उभे राहिले आणि ओळखू लागले: हा दर पुकारणारा, ही हमालाची "हो बाजू" अशी हाक, ही घासाघीस, ही टेम्पो मागे घेतानाची शिटी. डोळे उघडल्यावर मग ती दगडी इमारत.

इमारतीची हकीकत मात्र मी सांगितली, कारण पुस्तकातला भाग तेवढा माझ्याकडे होता. पूर्वी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात उघड्यावर भरे. नगरपालिकेने त्याच्यासाठी ही पक्की वास्तू उभारली, मध्ये आठकोनी मनोरा आणि त्याच्यापासून फुटलेल्या पाखा. बांधकाम वासुदेव बापूजी कानिटकरांचे. १८८६ साली ती सुरू झाली आणि त्या वेळच्या गव्हर्नरांच्या नावाने तिला 'रे मार्केट' म्हणू लागले. आता गंमत पाहा. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे नगरपालिकेचे सभासद होते. एवढा पैसा इमारतीवर घालण्याला त्यांचा विरोध होता. तो गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा असे त्यांचे म्हणणे. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्याच इमारतीला महात्मा फुल्यांचे नाव दिले गेले! नाव देणाऱ्यांची काही चूक झाली असे मला वाटत नाही. फुल्यांचे घराणे फुलाभाजीच्या धंद्यातले, आणि शेतकऱ्याच्या लुबाडणुकीवर त्यांच्याइतके कडक कोणी लिहिले? पण शिक्षक म्हणून तिथे उभे असताना तो जुना वाद माझ्या मनातून जाईना. मुलांना मी विचारले, तुम्ही सभासद असता तर हात कोणत्या बाजूला वर केला असता? वर्ग दुभंगला. एक मुलगी म्हणाली, "आधी शाळा. पण पावसात भाजी भिजते तेव्हा माझी आजीपण भिजते." ह्या उत्तराला गुण किती द्यावेत, ते मला अजून ठरविता आलेले नाही.

त्यानंतर सूत्रे अण्णांच्या हाती गेली. उंच ओट्यावर विक्रेता बसतो आणि गिऱ्हाईक खाली उभे राहते ते का? तर माल पायरी-पायरीने रचता येतो आणि बसल्या जागेवरून हात सगळीकडे पोचतो. जुडी घेताना पाने पाहू नका, देठाचा काप पाहा. तो काळवंडला असेल तर भाजी कालची, मग वर कितीही पाणी मारलेले असो. टोपलीत वर टपोरे आणि खाली बारीक असणारच. त्यावर भांडू नये, हात खाली घालावा. चाकवत, चुका, अंबाडी, शेपू ह्या भाज्या तीसपैकी नऊ मुलांनाच ओळखता आल्या. आणि ही मुले चऱ्होलीची! दोष त्यांना काय द्यायचा? १९९७ साली गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेले, आणि जिथे अण्णांचा मळा होता त्याच्या शेजारी आज बारा मजली इमारती आहेत.

काट्याचाही धडा झाला, आणि तो शब्दशः! जुन्या ताजव्याची दोन पारडी रिकामी असताना समतोल नसली, तर त्या फरकाला पासंग म्हणतात आणि तो भरून काढण्याला धडा करणे म्हणतात, हे मुलांना ठाऊक नव्हते. आता काटे विजेवरचे आले. अण्णा म्हणाले, "आकडा दिसतो म्हणून विश्वास ठेवू नका. आधी रिकाम्या काट्यावर शून्य आहे का बघा." घरोघरच्या श्रोत्यांनी हे ध्यानात ठेवावे.

ठोक व्यापार आता मंडईत नाही. तो गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला. तिथे पालेभाजीचा भाव शेकड्यावर, म्हणजे शंभर जुड्यांवर, आणि फळभाजीचा दहा किलोंवर बोलतात. शेतकऱ्याच्या हाती जो हिशेबाचा कागद पडतो ती पट्टी. माझ्या लहानपणी वडिलांनी एकदा टेम्पोभर कोबी पाठविला आणि चार दिवसांनी पट्टी आली ती उलटी. अडत, हमाली, तोलाई, भाडे वजा जाता वडिलांकडेच सव्वाशे रुपये निघाले! वडील काही बोलले नाहीत; पट्टी घडी करून त्यांनी टोपीत ठेवली. त्यानंतर कित्येक वर्षे मी बाजाराच्या वाटेला गेलो नाही, हे कबूल करतो. कायदा तेव्हाही होता. आपल्या देशात अशा नियमनाची सुरुवात वऱ्हाडातल्या कारंजाच्या कापूसबाजारापासून, १८८६ सालीच झाली असे मानतात, म्हणजे रे मार्केट उघडले त्याच साली. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची चाल जाऊन उघडा लिलाव आला तो बाजार समित्यांच्या कायद्यांमुळे. आणि जुलै २०१६ मध्ये महाराष्ट्रात फळे-भाजीपाल्यावरची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरले. तेव्हा शेतकरी बंधूंनो, पट्टी हातात आली की शेवटचा आकडा पाहून ती खिशात घालू नका. वरपासून एकेक ओळ वाचा, आणि स्वतःला वाचता येत नसेल तर पोराकडून वाचून घ्या. गुरुजींनो, गणिताच्या तासाला वजाबाकी आणि शेकडेवारी शिकविण्यासाठी ह्याहून चांगला कागद सापडायचा नाही.

मंडईबाहेरच्या गल्ल्या आम्ही घाईने पाहिल्या. तुळशीबागेत पितळी भातुकलीपाशी मुली अडकल्या. तिथले राममंदिर नारो आप्पाजी खिरे यांनी १७६१ साली बांधायला घेतले आणि बाजार त्याच्या आश्रयाने वाढला. बोहरी आळीत लोखंड, दोरखंड, खिळेमोळे. तांबट आळीत मात्र अर्धा तास थांबलो. कसबा पेठेतले ते कारागीर तांब्याच्या पत्र्यावर ठोके देतात ते मठारकाम. त्याने भांड्याला शोभाही येते आणि बळही. एका मुलाने ठोके मोजायचा प्रयत्न केला आणि दोनशेवर नाद सोडला.

आता शेवटची एक गोष्ट. परतताना एक मुलगा सारखा मागे राहू लागला. तो मंडईच्या एका खांबाआड उभा होता. कारण मला उशिरा कळले: बाहेरच्या रांगेत पथारी टाकून बसलेली बाई त्याची आई होती. अण्णांना ते आधीच उमगले असावे. ते त्या मुलाला काही बोलले नाहीत; सगळी वरात घेऊन सरळ त्या पथारीपुढे गेले आणि म्हणाले, "सूनबाई, ही पोरं बाजार शिकायला आलीत. जरा सांग त्यांना."

बाईंनी डोईवरचा पदर सारखा केला आणि त्या बोलू लागल्या. भाजी काल दुपारी चारला काढली. जुड्या बांधायला रात्रीचे दहा वाजले. पहाटे साडेतीनला उठून पाच वाजता टेम्पो गाठला. दुपारपर्यंत विकली नाही तर दर पाडायचा, संध्याकाळी उरले तर गाईला. मुलांनी वह्या काढल्या. एकीने विचारले, "सगळ्यांत अवघड काय असतं, काकू?" बाई म्हणाल्या, "जुडी सारखी बांधणं. मोठी झाली तर आपलं नुकसान, बारकी झाली तर गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. हाताला माप लागावं लागतं." असे म्हणून त्यांनी समोरची मोकळी मेथी उचलली. इतक्यात खांबाआडचा मुलगा पुढे आला, आईच्या शेजारी मांडी घालून बसला आणि एक अक्षर न बोलता बांधू लागला. भराभरा अकरा जुड्या झाल्या. अण्णांनी त्यांतल्या दोन काट्यावर ठेवून पाहिल्या. चार-पाच ग्रॅमांचाच काय तो फरक.

मग दोघा गुरुजींनी त्या अकराही जुड्या विकत घेतल्या, आणि अण्णांना ठरल्याप्रमाणे चहा मिळाला.