रात्रफेरी आणि तिची नोंदवही

लेखमाला : बेघर आणि महापालिका – लेखांक ५

निवारा केंद्रांची उभारणी आणि त्यामागील न्यायालयीन आदेश यांचा विचार मागील लेखांकात झाला. आता बेघर व्यक्ती त्या केंद्राच्या दारापर्यंत येण्यापूर्वी रस्त्यावर जे काम होते, त्याकडे वळणे क्रमप्राप्त आहे. हे काम ज्या गटाकडे असते त्याला येथे संपर्क पथक म्हटले आहे. महापालिकेने स्वतः किंवा एखाद्या सेवाभावी संस्थेमार्फत नेमलेले मोजके कार्यकर्ते रात्री पदपथ, उड्डाणपुलांखालच्या जागा, स्थानकांचे परिसर आणि घाऊक बाजारांच्या गल्ल्या फिरतात, तेथे झोपणाऱ्यांशी ओळख करून घेतात आणि त्यांना निवारा, औषधोपचार व कागदपत्रे मिळवून देण्याची खटपट करतात. या पथकाचा पर्यवेक्षक कोणत्या गोष्टीला काम समजून तिची नोंद मागतो, यावर पथकाचे रस्त्यावरील वागणे ठरते, असे प्रस्तुत लेखांकाचे प्रतिपादन आहे.

२०११ च्या जनगणनेत बेघरांची गणना २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली आणि देशात त्यांची संख्या सुमारे १७.७ लाख, तर केवळ शहरांत सुमारे ९.४ लाख भरली. रस्त्याच्या कडेला, मोठ्या नळांत, जिन्यांखाली, देवळांच्या आवारात किंवा फलाटांवर झोपणारी माणसे या गणनेत अभिप्रेत होती. परंतु त्या रात्री हमालीच्या कामावर असलेला, पोलिसांना चुकवून आडोशाला गेलेला किंवा दोन दिवसांपूर्वीच जागा बदललेला माणूस अशा गणनेतून सहज निसटतो. दुसरीकडे, राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने २०१३ मध्ये घालून दिलेल्या निकषानुसार दर १ लाख नागरी लोकसंख्येमागे किमान १०० जणांची सोय असणारा बारमाही, चोवीस तास खुला निवारा अपेक्षित होता. हा निकष शहराच्या एकूण लोकसंख्येवर बेतलेला असल्यामुळे निवारे किती हवेत ते त्यातून कळते, पण माणसे प्रत्यक्षात कोठे झोपतात आणि तेथेच का झोपतात, हे कळत नाही. ही माहिती गोळा होण्याचे ठिकाण एकच, ते म्हणजे रात्रफेरीची नोंदवही.

या नोंदवहीत ‘निवाऱ्यात हलवलेल्या व्यक्ती’ एवढाच रकाना असेल, तर पथक सगळ्यात आधी सहज येणाऱ्यांनाच गाठू लागते. तोच माणूस पहाटे निघून जाऊन आठवड्यात तीनदा आणला गेला तरी अहवालात तीन व्यक्ती दिसतात. आणि महिनाअखेर जवळ आली की समजावणीचा सूर चढत जातो. असा दबाव महाराष्ट्रात विशेष घातक ठरतो, कारण १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा येथे अजून लागू आहे. त्याखाली भीक मागणाऱ्यास वॉरंटशिवाय ताब्यात घेता येते आणि दोष सिद्ध झाल्यास किमान एक व कमाल तीन वर्षे भिक्षेकरी गृहात ठेवता येते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये या कायद्यातील दंडात्मक तरतुदी दिल्लीपुरत्या रद्द केल्या. महाराष्ट्रातील पदपथावर मात्र रात्री येऊन थांबणारी सरकारी गाडी आजही धरपकडीचीच वाटते. म्हणून नेहमीच्या फेरीत पोलीस सोबत नसावेत, गाडी दूर उभी करून कार्यकर्त्यांनी पायी यावे आणि पहिल्या भेटीत निवाऱ्याचा विषय काढलाच पाहिजे असे बंधन नसावे, हे पर्यवेक्षकाने लेखी ठरवून देणे आवश्यक असते.

नकार हा या कामातील सर्वांत मोलाचा तपशील होय, आणि बहुतेक नोंदवह्यांत त्यालाच जागा नसते. हातगाडी ओढणारा गाडीवरच झोपतो, कारण गाडी चोरीला गेली तर रोजगार जातो आणि निवाऱ्यात गाडी ठेवता येत नाही. घाऊक बाजारात पहाटे माल उतरवणाऱ्याला तीन मैलांवरचा निवारा म्हणजे बुडालेली मजुरी. मजूर अड्ड्यावर उभे राहणाऱ्याचेही तेच. पुरुषांचा निवारा एकीकडे आणि स्त्रियांचा दुसरीकडे असेल तर नवरा, बायको व वयात आलेला मुलगा असे कुटुंब फुटण्यापेक्षा उघड्यावर एकत्र राहणे पत्करते. एकट्या स्त्रीने दिलेल्या नकारामागे पूर्वीच्या एखाद्या निवाऱ्यातील अनुभव असू शकतो आणि तो ती पाचव्या किंवा सहाव्या भेटीपूर्वी सांगेल अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे. ही कारणे माणसाच्या स्वतःच्या शब्दांत टिपली गेली, तर निवारा कोठे हवा, कुटुंबांसाठी किती जागा हवी आणि सामान ठेवण्याची सोय का हवी, हे महापालिकेला अंदाजपत्रकापूर्वी पुराव्यानिशी सांगता येते. ‘समजावले, ऐकत नाही’ या शेऱ्यातून यांपैकी काहीच हाती लागत नाही.

नकाराचा असा मान राखायचा तर संमतीशिवाय कोणालाही हलवू नये, हा नियम ठरतो; त्याला कायद्याने दोन ठिकाणी मर्यादा घातली आहे. काळजी व संरक्षणाची गरज असलेले एकटे मूल आढळल्यास त्याला चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. मनोविकारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारी व्यक्ती भटकत असल्यास २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १०० नुसार तिला संरक्षणात घेऊन चोवीस तासांत सार्वजनिक आरोग्य संस्थेत नेण्याचे कर्तव्य पोलीस ठाण्यावर आहे आणि तिला कोठडीत ठेवण्यास मनाई आहे. अशा रुग्णांवर उपचार करून त्यांना दूरवरच्या घरी पोहोचवण्याचे काम कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन संस्थेने वर्षानुवर्षे केले असून तिचे संस्थापक डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मात्र विक्षिप्त वागणे आणि मनोविकार यांतील फरक कार्यकर्त्याने एकट्याने रस्त्यावर ठरवू नये; तो निर्णय पर्यवेक्षकाला कळवून, वैद्यकीय सल्ल्यानेच व्हावा.

पर्यवेक्षकाच्या कामाचा अर्धा भाग महापालिकेच्या इमारतीतच पार पडतो, ही बाब सहसा दुर्लक्षिली जाते. ज्या पालिकेचे पथक महिनाभर खपून एखाद्याचे आधार कार्ड आणि बँक खाते उभे करते, त्याच पालिकेची अतिक्रमण निर्मूलनाची गाडी एका सकाळी त्याचे गाठोडे उचलून नेते. गाठोड्यात कागदपत्रे असतात, क्षयरोगाच्या गोळ्याही असतात. साध्या क्षयरोगाचा उपचार सहा महिने अखंड चालावा लागतो आणि झोपण्याची जागा हलली की तो तुटतो. ऑल्गा टेलिस खटल्याच्या १९८५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पदपथावर राहण्याचा हक्क मान्य केला नाही, पण उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे आणि हटवताना न्याय्य पद्धत पाळली पाहिजे असे स्पष्ट केले. त्या निकालाला धरून, जप्त गाठोड्यांची यादी व्हावी, ती प्रभाग कार्यालयात ठराविक काळ ठेवली जावीत आणि कारवाईची पूर्वसूचना संपर्क पथकाला मिळावी, एवढा आदेश तरी पर्यवेक्षकाने वरिष्ठांकडून मिळवावा. मतदार नोंदणीत बेघराच्या पत्त्याची खातरजमा मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री प्रत्यक्ष जागेवर जाऊन, तीही एकाहून अधिक रात्री, करू शकतो. शासनयंत्रणा मनावर घेते तेव्हा पदपथालाही पत्ता मानते, याचे हे उदाहरण इतर विभागांपुढे ठेवण्याजोगे आहे.

पथकातील कार्यकर्ते बहुधा कंत्राटी असतात. कंत्राट बदलले की माणूस जातो आणि त्याच्याबरोबर शेकडो ओळखीही जातात, कारण नोंदवहीत नावे असली तरी विश्वास नसतो. त्यामुळे नव्या कार्यकर्त्याने जुन्यासोबत काही आठवडे फिरण्याची अट कंत्राटातच असावी. रस्त्यावरील मृत्यूंचा भारही याच लोकांवर पडतो. पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते, आणि ओळख पटवणारे कोणी नसल्यास तो मृतदेह बेवारस ठरतो. पथकाला त्या माणसाचे नाव, गाव आणि घरच्यांचा ठावठिकाणा माहीत असेल तर निरोप पोहोचवता येतो. तो निरोप देण्याची जबाबदारी पर्यवेक्षकाने स्वतःकडे घ्यावी आणि ज्या कार्यकर्त्याची त्या मृत व्यक्तीशी जवळीक होती, त्याला त्या रात्रीच्या फेरीतून मोकळे करावे.