पडून राहिलेली फायबरची होडी : दुरुस्तीला घ्यावी की सोडावी?

कोकण किनाऱ्यावरील आपल्या दालदी बांधवांच्या अंगणात, माडाखाली उलटी घातलेली जुनी फायबरची होडी पुष्कळदा दिसते. लाकडी होडीसारखी ती कुजत नाही, म्हणून ती अजून चांगलीच असणार, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. फायबर कुजत नाही, पण त्याच्या पोटात घातलेले लाकूड आणि प्लायवूड कुजते, आणि बाहेरून ते दिसत नाही.

म्हणून होडी विकत घेण्यापूर्वी लहान हातोडी घेऊन सबंध तळ ठोकून पाहावा. भक्कम जागी आवाज खणखणीत येतो. थर सुटलेले असले किंवा आत लाकूड कुजले असले तर तो बद्द येतो. मागचा फळा, ज्यावर इंजिन अडकवतात, तो विशेष तपासावा. आतल्या बाजूने लहान भोक पाडले आणि ओला काळा भुसा निघाला, तर फळा गेला असे समजावे. एकटा फळा बदलता येतो. मात्र तळाला बळकटी देणाऱ्या उभ्या-आडव्या पट्ट्याही सगळ्या गेल्या असतील, तर होडी फुकट मिळाली तरी महागच पडेल. नोंदणीचे कागद, नाव बदलून मिळेल की नाही आणि होडीवर कर्ज थकलेले आहे का, हेही आधीच पाहावे.

कामाचा निम्मा भाग वाळवण्याचा आहे. वर्षानुवर्षे मुरलेले पाणी निघाल्याशिवाय नवा थर धरत नाही. मासेमारीबंदीत, १ जून ते ३१ जुलै, होडी मोकळी असते म्हणून काम तेव्हाच काढण्याचा मोह होतो. पण पावसाळी दमट हवेत रेझिन नीट सुकत नाही. होडी कोरड्या, सावलीच्या जागी आडोशाला ठेवून काम हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात करावे.

भोक किंवा तडा नुसती पुटी भरून बुजवणे म्हणजे फसवणूकच. आधी ॲसिटोनने तेल-मेण पुसावे, मग घासावे. पाव इंच जाडीच्या कवचाला भोवती सुमारे तीन इंच रुंद उतार घासून काढावा, आणि त्यावर मॅटचे लहानापासून मोठे तुकडे बसवत जावे. मॅटच्या वजनाच्या साधारण अडीच पट रेझिन लागते. रोलर फिरवून आतली हवा काढावी. पांढरे ठिपके राहिले तर ती जागा कच्ची. सदैव पाण्यात राहणाऱ्या भागाला साध्या रेझिनपेक्षा आयसोफ्थॅलिक रेझिन चांगले. इपॉक्सी जुन्या थराला अधिक घट्ट धरते, पण महाग आहे. त्यासोबत साधी मॅट न वापरता विणलेले कापड घ्यावे, आणि त्यावर पुन्हा पॉलिएस्टर चढवू नये, ते धरत नाही.

एका किलो रेझिनला हार्डनर १० ते २० ग्रॅम, उन्हाळ्यात कमीच. कोबाल्ट वेगळे मिळत असेल तर ते आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळावे, नंतर हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर एकत्र ओतू नयेत. भडका उडून स्फोट होतो. हार्डनर डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, तेव्हा चष्मा घालावा. गेलाच तर बराच वेळ पाण्याने धुऊन लगेच दवाखाना गाठावा. काचेच्या धुळीसाठी तोंडाला साधा रुमाल पुरत नाही, चांगला मास्क लागतो. घरातली मुले तेवढा वेळ दूर ठेवावीत. आखातात फायबरच्या कारखान्यात राबून आलेला एखादा कारागीर गावात असेल, तर पहिला थर त्याच्या हातून घ्यावा. हे काम पाहूनच शिकता येते.

वरचा शेवटचा थर मेण मिसळलेल्या रेझिनचा असावा, नाहीतर हवेमुळे पृष्ठभाग चिकट राहतो.

दुरुस्त होडी विकायची झाल्यास कुठे काय बदलले ते गिऱ्हाइकाला दाखवून विकावे. ऐब लपवून विकलेला माल आपल्याकडे जायज नाहीच, शिवाय रंगाखाली झाकलेला कुजका फळा भर समुद्रात इंजिनासकट सुटला, तर जाणारा जीव कुणाच्या तरी घरचा असतो.

पाण्यात सोडल्यावर पहिला दिवस होडी किनाऱ्यालगत बांधून ठेवावी. संध्याकाळी आतला तळ कोरडा असेल तर इंजिन चढवून जवळच फेरी मारावी, आणि परत आल्यावर फळ्याचे बोल्ट पुन्हा पाहावेत.